दादाचं पहिलं पापनिवेदन

मंगळवार, ३ सप्टेंबर

"सगळे उठले. मी एकटाच बाकावर. का?"

जेवता जेवता दादाने विचारलं — म्हणजे चमचा खाली ठेवून, दोन्ही हातांनी. बाबांच्या अंत्यविधीच्या मिस्साबद्दल, म्हणजे चर्चमधल्या उपासनेबद्दल. कम्युनियनला, म्हणजे प्रसादाची भाकर घ्यायला, अख्खी रांग पुढे गेली आणि हा शेचाळीस वर्षांचा माणूस मागे बसून राहिला!

खरंय. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, पुढे धर्मशिक्षण, पहिलं कम्युनियन, काहीच नाही. बहिऱ्या मुलांची शाळा लांब, तिथेच राहायचं. घरात खुणांची भाषा येणारी मी एकटी, तीही आठ वर्षांनी धाकटी. आई म्हणायची, "देव घेईल त्याला समजून." देव घेईल हो! पण दादाला देव कोण समजावणार?

मी. कोर्टात आणि हॉस्पिटलात बहिऱ्यांची दुभाषी म्हणून सोळा वर्षं काढलीत. खुनाचे खटले हातांनी सांगितलेत. यात काय एवढं अवघड!

रविवार, ८ सप्टेंबर

अवघड आहे!

"कृपा" या शब्दाशी गाडी अडली. मी "भेट" अशी खूण केली. "कशाबद्दल?" कशाबद्दल नाही. "मग परत काय द्यायचं?" काहीच नाही. "फसवाफसवी दिसतेय," म्हणाला आणि खो खो हसत सुटला.

मी हटले नाही. म्हटलं, "लहानपणी तुझ्याशी बोलता यावं म्हणून मी खुणा शिकले. तू काय दिलं होतंस त्याबद्दल?"

हसायचा थांबला. मग म्हणाला, "पुढचं सांग."

बुधवार, ११ सप्टेंबर

कोर्टाच्या कँटीनमध्ये दादाच्या तयारीचं सांगितलं तर एका तरुण वकीलबाईंनी छेडलं, "या जमान्यात पापनिवेदन? फादरांपुढे पापं कबूल करायची? अहो, आता फोनवर समुपदेशक मिळतो!"

मिळू दे की. चांगलंच आहे. तो ऐकतो, समजून घेतो. पण केलेलं चुकीचं होतं हे मला स्वतःलाच माहीत असतं तेव्हा नुसतं समजून घेऊन भागत नाही — माफी लागते. आणि ती मागून मिळते, आपली आपल्याला देता येत नाही. एवढं बोलले. बाईंनी चहा ढवळला. "हं," म्हणाल्या. "हं" म्हणजे पुन्हा विचारणार!

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज मोठी लढाई. दादा सुतारकामावरून आला तो प्रश्न घेऊनच. "भाकर की शरीर?"

"ख्रिस्ताचं शरीर."

"दिसते भाकर."

"हो."

"कोर्टात असं बोललीस तर हाकलतील तुला!"

मी विचारलं, "माझा आवाज तू कधी ऐकलास?" नाही. "मग मला आवाज आहे कशावरून?"

"तू तोंड उघडलंस की लोक वळून बघतात."

"बस! भाकरीत जे दिसत नाही त्याच्याकडेही लोक वळतात ना. आणि वळलेली माणसं बदलतात. मी पाहिलीत."

पूर्ण पटलं नाही त्याला. माझंही उदाहरण लंगडंच. पण मला स्वतःला ते आवडलं, खोटं का बोलू.

शनिवार, ५ ऑक्टोबर

नवाच पेच. कम्युनियनआधी पापनिवेदन. आमच्या चर्चच्या फादरांना खुणा येत नाहीत. ते म्हणाले, "दुभाषी चालते. गुप्ततेचं बंधन तुलाही माझ्याइतकंच."

दादा म्हणाला, "साफ नाही! अर्धी पापं हिच्याबद्दलचीच आहेत!"

फादर म्हणाले, मग लिहून दे. त्यालाही नाही. "लिहिणं मला उधारीच्या शर्टासारखं वाटतं. मला माझ्या भाषेत बोलायचंय."

हे मी फादरांना सांगितलं. ते आपली जाडजूड बोटं समोर धरून म्हणाले, "शिकव मला."

सोमवार, १४ ऑक्टोबर

फादर आज पूर्ण आत्मविश्वासाने दादाला खुणेने म्हणाले, "देव तुझी कढई करतो." क्षमा म्हणायचं होतं!

शनिवार, २६ ऑक्टोबर

झालं!

वेदीमागच्या खोलीच्या दाराला काच आहे. खुणा बघणारा म्हणजे ऐकणारा, म्हणून मी काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं. वर स्वतः दाराकडे पाठ करून उभी राहिले. आजन्म ज्याचं तोंड होते, त्याच्याकडे पाठ! हात शिवशिवत होते. आत एक खुर्ची सरकली. मग फादरांचं हसू. मग काहीच नाही, खूप वेळ.

दादा बाहेर आला तो डोळे पुशीत. फादर मागून आले. नुसतीच बोटं चोळत होते. "सगळं कळलं?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमले. विचारायचं नसतं, मूर्ख बाई!

रविवार, २७ ऑक्टोबर

दादा रांगेत. माझ्या पुढे. "ख्रिस्ताचं शरीर" हे फादरांनी एका हाताने सांगितलं, दादाने "आमेन" दोन्ही हातांनी. मागे कुणीतरी हुंदका दिला. मीच असेन.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

काल रात्रीच्या जेवणानंतर दादाने मला समोर बसवलं. "तोंड बंद ठेवायचं बंधन फादरांवर आहे, माझ्यावर नाही," म्हणाला. हे मीच शिकवलेलं! आणि फादरांना सांगितलेलं पाप मलाच सांगू लागला.

डॉक्टरकडे, दुकानात, मालकाशी — कुठेच त्याला माझी गरज नाही. सात वर्षांपासून नाही. मोबाइलवर लिहून दाखवतो, काम होतं. परगावच्या कॉलेजात दुभाषी घडवायची नोकरी मी दोनदा नाकारली, त्याच्यासाठी. तेही त्याला ठाऊक होतं. "तू गेली असतीस. म्हणून गप्प बसलो. माफ कर."

भयंकर संताप आला. ताटं आदळली. मग परत येऊन बसले, आणि माफ केलं. माफी म्हणजे काय हे दोन महिने लोकांना सांगत फिरतेय, स्वतः द्यायची वेळ आली तेव्हा जड गेली! पण दिली. पूर्ण.

सकाळी कॉलेजला फोन केला. जागा अजून रिकामी आहे.

जाते!