असली स्टिकर, नकली सागवान

अब्बा,

लाकडी गाडी मी विकायला काढली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत सांगता येईल. माझी इथली, आखातातली नोकरी संपली, अल हैलचं घर पुढच्या महिन्यात सोडायचं आहे, आणि एवढी लांबलचक अमेरिकन गाडी रत्नागिरीला नेणं माझ्या आवाक्यातलं नाही. नेलीच तरी आपल्या मोहल्ल्याच्या वळणावर ती अडकून बसेल आणि अख्खा गाव ढकलायला गोळा होईल. तेव्हा विकणार. पण विकणार ती तुमच्या लाकडासकट. लाकूड काढून मग गाडी नेतो, असं म्हणणाऱ्याला मी परत पाठवणार हे ठरवून टाकलं होतं, आणि एकाला पाठवलंही.

तो दिवस मला लख्ख आठवतो. हमरियातलं सुतारकामाचं दुकान, अर्बाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या नावावरचं आणि तुमच्या हातांवर चालणारं. मागच्या खोलीत अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापतेय आणि दारात अर्बाबाची गाडी येऊन उभी राहते. मागे सामानाला खोलीएवढी जागा, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या. उन्हाने त्यांचा रंग उडालाय, कडा सुटल्यात. अर्बाब उतरतो आणि म्हणतो, "नज्जार, लकडी ठीक करो, यल्ला." नज्जार म्हणजे सुतार; हमरियात तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. तुम्ही पॉलिशपेपर घेतलात आणि जुनं दार घासावं तसं घासायला लागलात. चार हात फिरले नाहीत तोच खालून पत्रा दिसला. तुम्ही थांबलात, बोटाने चाचपून पाहिलंत. फळी नव्हतीच. लाकडाचं चित्र छापलेला स्टिकर पत्र्यावर चिकटवलेला होता, आणि जन्मभर लाकडात वावरलेल्या माणसाने त्याच्यावर पॉलिशपेपर चालवला होता. अर्बाब आधी भडकला, मग तुमचा चेहरा बघून पोट धरून हसला. "खलास, कलर मारो," म्हणाला. तुम्हाला मात्र हसू आलं नाही. "हिला लाकडी गाडी म्हणतात ना," तुम्ही म्हणालात, "मग हिला लाकूडच लावणार."

दारांच्या कामातून उरलेलं सागवान तुम्ही त्याच्याकडून मागून घेतलंत. किती शुक्रवार त्यात गेले कुणास ठाऊक. अम्मी म्हणायची, सुट्टीच्या दिवशी माणूस घरात असतो, आमचा गाडीच्या कुशीत असतो. पत्रा गंजू नये म्हणून सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून तुम्ही प्रत्येक स्क्रूखाली घातल्यात, लाकूड दमटपणाने फुगेल म्हणून पट्ट्यांमध्ये फट सोडलीत. मी सारखी पायात येत होते, म्हणून एक पट्टी माझ्या हातात दिलीत. मी सगळा जोर लावून ती लाकडाच्या रेषांना आडवी घासली. "रेषेसंगती चल गो, आडवी जाऊ नको," तुम्ही ओरडलात. तुम्ही सहसा आवाज चढवत नसा, त्यामुळे मला रडू फुटलं. पट्टीवर खोल ओरखडे पडले होते. मला वाटलं, ही आता भंगारात जाणार. तुम्ही तिला बाकीच्यांसारखंच पॉलिश केलंत आणि मागच्या दरवाजावर सगळ्यात खाली बसवलीत.

पुढे इंजिनाने मान टाकली तेव्हा अर्बाबाने गाडी तुम्हालाच देऊन टाकली आणि ती त्याच्या इब्रीच्या खजूरबागेत, छपराखाली पडून राहिली. तुम्ही गावी परतलात आणि मी कॉलेजात असताना कायमचे गेलात. तिच्याबद्दल तुम्ही पुन्हा काही बोलला नाहीत. मी नोकरीसाठी इथे आले, आणि बाग विकायची ठरली तेव्हा अर्बाबाच्या मुलाने मला शोधून काढून फोन केला, "नज्जारची गाडी घेऊन जा." टायर नव्हते, गादीत उंदरांचा संसार होता. इंजिन, ब्रेक, काचा सगळं मी करून घेतलं. ओळखीचे लोक मला वेडी म्हणायचे, म्हणू दिलं. लाकडाला मात्र गॅरेजवाल्याला हात लावू दिला नाही. ते मी स्वतः साफ केलं, रेषेसंगती.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते जुन्या गाड्यांचा शौकीन, चकचकीत, पायघोळ डिशडाशातला तरुण. बॉनेट उघडून खूश झाला, मग बाजूला येऊन तोंड वाकडं केलं. "मॅडम, ये लकडी निकालना पडेगा. ये ओरिजिनल नहीं है. ओरिजिनल में स्टिकर था." मी विचारलं, "मतलब स्टिकर असली और लकडी नकली?" तो गंभीरपणे म्हणाला, "हां, बिल्कुल." भाव त्याने चांगला सांगितला होता, आणि घर सोडायचे दिवस जवळ येत होते. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्याच संध्याकाळी जाहिरातीत एक ओळ वाढवली: लाकूड काढायचं असेल त्यांनी फोन करू नये. त्यानंतर फोन जवळपास थांबलेच. मी घाबरले, अब्बा, पण ओळ काढली नाही.

काल सूरहून एक बाई आली. माझ्याहून मोठी, घरी पूर्वी होड्या बांधायचे. तिने इंजिनाकडे पाहिलंच नाही. तळवा लाकडावर ठेवून म्हणाली, "साज?" त्यांच्या भाषेत सागवानाला साज म्हणतात. मी मान हलवली आणि विचारलं, हे काढणार तर नाही ना. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. "निकालेगा क्यों? फिर गाडी में बचेगा क्या?" थोडी घासाघीस झाली आणि सौदा ठरला. शुक्रवारी ती गाडी घेऊन जाईल. हे पत्राचे कागद मी गाडीच्या खणात ठेवणार होते, पण आता तो खण तिचा झाला. राहतील माझ्याच बॅगेत.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. जाता जाता मागच्या दरवाजापाशी वाकून तिने विचारलं, "किसने बनाया?" माझ्या वडिलांनी, म्हटलं, ते नज्जार होते. "कुल्लू?" म्हणजे सगळं? तिचा हात तेव्हा नेमका खालच्या पट्टीवर होता, माझ्या आडव्या ओरखड्यांवर. मी म्हटलं, "कुल्लू." थाप मारली. तुमच्या कामात माझं काम खपून गेलं, अब्बा, आणि मला त्याचा अजून आनंद होतोय.