गुलाबी गोळ्यांचे कपाट

आंधळगाव,
तान्ह्या पोळ्यानंतरचा बुधवार

सन्माननीय व्याही धनंजयराव यांना केवळरामचा हात जोडून नमस्कार. विहीणबाई सुलोचनाबाईंनाही सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? मी दिलेल्या हिरव्या गोळ्यांनी आराम पडला असेलच. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे मेडिकलचे शटर खाली आहे आणि मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. (फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवतात आणि माझे बोलणे तुमच्याआधी राईस मिलमधले हमाल ऐकतात.)

तुमची मोनिका, म्हणजे आमची सून, राखीला म्हणून तुमसरला आली ती पोळ्याच्या आत परतणार होती. पोळा झाला, तान्हा पोळा झाला, पोरांचे लाकडी नंदी माळ्यावर गेले, तरी तिचा पत्ता नाही. आमच्या कुंदनला विचारले तर म्हणतो, "बाबा, तुम्ही का करून ठेवलं ते तुम्हीच पाहा." पोटचा पोरगा असे बोलतो. तिकडे तिने तिची बाजू सांगितली असेलच, आता माझीही ऐकून घ्या.

आमचे घराणे कोसा रेशीम विणणारे. सुताच्या लडी रंगाने लावायच्या हे मला चालायच्या आधीपासून ठाऊक. मेडिकल टाकले तेव्हा गोळ्याही मी तशाच लावल्या, पांढऱ्याशेजारी पिवळट, मग नारंगी, मग गुलाबी. गिऱ्हाईकही रंगानेच मागते, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. आमचे जुने फार्मासिस्ट म्हातारपणी मुलाकडे राहायला गेले आणि फार्मसी शिकलेली मोनिका घरात आली. कागदोपत्री दुकानाची जबाबदारी तिच्यावर गेली, माझ्याकडे पाटीवरचे नाव उरले. तिने औषधे नावाप्रमाणे लावली, लवकर मुदत संपणारी पुढे. फ्रिजमधून माझे दही काढले आणि शेजाऱ्यांच्या लग्नातले हारही काढले. (आमचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालतो, त्यामुळे लाइन गेली की गावातले हार आमच्याकडे मुक्कामाला येतात.) म्हणते, ही जागा इन्सुलिनची. फ्रिजमध्ये थर्मामीटर टांगला. सकाळी ती आधी त्याची तब्येत पाहते, मग सासऱ्याची. मी सगळे सोसले, पण ते कपाट काही पाहवेना. पांढऱ्यात मध्येच लाल, नारंगीपुढे निळी, नजरेला नुसते टोचायचे.

म्हणून राखीच्या आदल्या आठवड्यात ती आणि कुंदन भंडाऱ्याला लग्नाला गेले, तेव्हा मी एकट्याने सगळे कपाट पुन्हा रंगाने लावले. खोकी आड येत होती, ती फेकली. एकेका पट्टीवर दोन रंग आले तिथे कात्रीने कापून ज्याला त्याला आपल्या खणात बसवले. लुगड्याचा पदर पसरावा तसे कपाट दिसत होते. मोनिका आली, कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटले, आता कौतुक करते. तिने पिशवी भरायला घेतली आणि म्हणाली, "मामाजी, मी राखीले जाऊन येतो." बस, एवढेच. दुसऱ्या दिवशी तुम्ही न्यायला आलात.

ती नसताना दुकान उघडायचे नाही, हे मलाही कळते. पण मनकर्णाबाई शटर वाजवू लागली. तिची बीपीची गुलाबी गोळी संपली होती. एका म्हातारीसाठी अर्धे शटर वर केले, गुलाबी खणातून पट्टी दिली. ती घेऊन बाई भाच्यासाठी अड्याळला मुलगी पाहायला गेली. देण्याघेण्याचे बोलणे निघाले की बाई उठून परसात. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मुलीकडच्यांना वाटले, आत्याबाईंना स्थळ पसंत नाही. सोयरीक अजून लटकलेली आहे. झाले असे की कंपनीने बीपीची गोळी नुकतीच पांढरी केली होती आणि मी दिलेली गुलाबी निघाली पोट साफ करायची. माझी नजर चुकली नाही, व्याहीबुवा. रंग गुलाबीच होता.

पण हसू नका. बीपीची गोळी पोटात गेलीच नाही, म्हणून बाई गावी परतली ती डोके धरून. सरकारी दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टर आत तपासत होते आणि मी बाहेर बसून घाबरलो होतो. आता ती बरी आहे. आज मुद्दाम बीपीची पांढरी पट्टी घेऊन तिच्या घरी गेलो, तर म्हणते, "ठेवा भाऊ. सुनबाई येईन, तिच्या हातानं देईन, तवाच घेईन. तोवर डॉक्टरनं देल्ल्या हायेत मापाशी." औषधासाठी बाकावर येऊन बसणारे सगळे असेच म्हणतात. दुकान माझे, बाकही माझा, आणि वाट सगळे तिची पाहतात.

असो. बाकी सर्व क्षेम. आमच्या शेजारचा टिकाराम धान घेऊन तुमसरला निघाला आहे, त्याच्याच हाती हे पत्र देतो.

आपला व्याही,
केवळराम

ता. क. सोमवारपर्यंत मोनिकाला पाठवावे. तिला सांगा, मी कपाट पूर्वीसारखे लावून पाहिले, जमले नाही. सगळ्या गोळ्या खाटेवर काढून ठेवल्या आहेत. आता ती सांगेल तेच फेकायचे, ती सांगेल तेच ठेवायचे. तिच्याशिवाय दुकान चालत नाही, आणि घरही नाही. (हे शेवटचे वाक्य विहीणबाईंसमोर मोठ्याने वाचू नये.)

आणखी ता. क. वर तुमच्या गुडघ्याच्या गोळ्यांचे लिहिले आहे. तुम्ही न्यायला आलात तेव्हा मोनिकाच्या नकळत तुमच्या खिशात घातल्या, त्या मी हिरव्या खणातून काढल्या होत्या. यापुढे एकही घेऊ नका, आधी मोनिकाला दाखवा. ती हसली तर काळजी नाही. पिशवी भरू लागली, तर ती कपाट सावरायला आंधळगावला निघाली असे समजा, आणि तुम्ही आधी तिच्यासोबत डॉक्टरकडे होऊन या.