बिनदाराचं कबर्ड

३ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या नव्या घराला बापाच्या हातचं कबर्ड मिळणार नाही. थोरल्या दोघींना मिळालं, तुझ्या वेळी उजव्या हाताने दगा दिला. मोडलेलं हाड जुळलं, पण पकड गेली. काल दार बसवून पाहिलं. बिजागऱ्या तिरक्या बसल्या आणि दार तर्र झालेल्या माणसासारखं लोंबकळलं. पुढच्या रविवारी हत्यारांची पेटी तुझ्या काकाला देऊन टाकतो. तू तयार कबर्ड विकत घे. रागावू नकोस.

तुझे बाबा

६ जून

ती. बाबांस,
शि. सा. न.

थांबा! पेटीला हात लावू नका!

आज आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत माझ्या टेबलावर कोणता शब्द यावा? कबर्ड! कप म्हणजे कप, बोर्ड म्हणजे फळी. कित्येक शतकांपूर्वी कप मांडायच्या साध्या फळीलाच कबर्ड म्हणत. दारं नंतर आली, कपडे तर त्याहून नंतर. मी एवढ्याने ओरडले की मोठ्या साहेबांनी चष्मा वर करून कोण चावलं म्हणून विचारलं.

मला दार नको, बिजागरी नको. फळी हवी, तुमच्या हातची. आमच्याकडे कप पाच, त्यातला एक बिनकानाचा. आईला सांगा, काकांना चहा द्यावा, पेटी देऊ नये.

लोभ आहेच, आता फळीही असावी.

आपली चिमणी

१७ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझी आई म्हणाली, पोरगी बापाला गुंडाळतेय. मलाही तसंच वाटलं, म्हणून शेजारच्या मास्तरांकडे जाऊन त्यांचा जाडा कोश उघडायला लावला. खरं निघालं! तसाच घरी येऊन जुन्या पलंगाची फळी काढली. डाव्या हाताने रंधा ओढला, उजव्या कोपराने दाबून धरलं. एक कड जरा नागमोडी झालीय. कोणी विचारलं तर मूळची पद्धत म्हणून सांग, तुझ्या कोशात कोण बघतंय. काका आला, चहा प्यायला, फळी उन्हात ठेवायला हात दिला आणि पेटी न घेता रिकाम्या हाताने गेला.

फळीखाली खुंट्या ठोकल्यात. बिनकानाचा कप वर बसेल, म्हणजे चारच पुरे होत्या, ठाऊक आहे. पाच आहेत. पाचवीचा कप मी गुरुवारी बरोबर आणतोय.

माया आहेच, ती वाढू दे. भिंतीला मात्र मी येईपर्यंत कोणाला खिळा मारू देऊ नकोस.

तुझे बाबा, सुतार