बिनगाडीची चाकं

आई, चाकं अजून आहेत. मांडवीचं घर मोकळं करायला आलोय, तर मागच्या पडवीत, नारळाच्या सोडणांखाली चारही तशीच एकावर एक. तू गेल्यावर भांडीकुंडी ज्याची त्याने नेली, चाकं मात्र कुणीच मागितली नाहीत. आपल्या नातेवाइकांच्या हावरटपणालाही कुठेतरी कुंपण होतं, हे मला आज कळलं.

ऐंशीच्या दशकात मांडवीत ज्यांच्याकडे गाडी होती, त्यांच्याकडे साधी लोखंडी चाकं होती. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या अलॉयची होती, फक्त गाडी नव्हती. बाबा बोटीवरून सुटीला आले तेव्हा कुठल्याशा बंदरातल्या भंगारातून ती घेऊन आले, काळवंडलेली, ओरखडलेली. "तू घासून ठेव, पुढच्या खेपेला गाडी बघू," नेहमीसारखी डावी भुवई चढवून म्हणाले आणि गेले. तू ती तांब्याच्या घंगाळासारखी घासायला घेतलीस. आमसुलाची सालं, मीठ, आणि दुपारभर तशीच उन्हात ठेवलीस. संध्याकाळी त्यांवर असे डाग उमटले होते की शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काय गो, नाल आणलेस, घोडा कुठाय?" तू मान वर न करता म्हणालीस, "येतोय बोटीनं. दाणा मागायला तुझ्याकडेच येईन." मग बंदरावर होड्या रंगवणाऱ्या चाचांना बोलावून आणलंस. त्यांनी चाकावर नख ओढून पाहिलं. "भाभी, हे भांडं नाय. याला आंबट दाखवू नका."

तेव्हापासून आपल्याकडचा रविवार म्हणजे वॉटर पेपर. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, वरून पाण्याची धार. मग पितळेचं पॉलिश, आणि शेवटी लॅकरचा हात, खारं वारं आत शिरू नये म्हणून. तोंड दिसेपर्यंत घासायचं, हा तुझा नियम. मी कंटाळून एकदा म्हटलं, "दिसतंय की माझं." तू फडकं माझ्या हातातून काढून घेतलंस. "तुझं दिसून काय उपयोग? तू इथेच आहेस." मी पुढे वर्तमानपत्रातून लोकांना टोमणे मारूनच पोट भरलं, पण इतकं धारदार वाक्य मला अजून सुचलेलं नाही.

दसऱ्याला लोक स्कूटरला हार घालायचे, आणि तू चार पाटांवर चार चाकं मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचीस. तोवर बाबांची पत्रं तोकडी होत गेली होती, मग थांबलीच. कंपनीने कळवलं की ते एका बंदरात नोकरी सोडून उतरले, पुढचं ठाऊक नाही. गेले असंही कुणी म्हणेना, येतील असंही नाही. त्या वर्षी दसऱ्याला लॅकरखाली पांढरी बुरशी धरली होती. तू कितीतरी वेळ तिच्यावरून बोट फिरवत बसलीस आणि म्हणालीस, "लोखंडाची असती तर एव्हाना गंजून संपली असती. फेकून तरी दिली असती. ही मेली गंजतही नाहीत." मला वाटलं, आता उचलून समुद्रात टाकतेस. तू उठलीस आणि वॉटर पेपर भिजत घातलास. कुंकू शेवटपर्यंत लावत राहिलीस, चाकांनाही आणि स्वतःलाही.

आज मी एक चाक घासलं. तुझ्याच क्रमाने, आंबट न दाखवता. हात भरून आले, पण अखेर तोंड दिसलं. डोक्यावर केस नाहीत, गाल ओघळलेले, डावी भुवई वर चढलेली. ते आले, आई. तू बघायला नाहीस आणि मला त्यांच्याशी काही बोलायचं नाही.

हे पत्र पाठवायची सोय नाही. तुझा पत्ता आता त्यांच्या पत्त्याइतकाच कठीण झालाय. म्हणून इथेच सांगून टाकतो: लॅकरचा डबा आणला होता, उघडला नाही. चाक तसंच पडवीत समुद्राकडे तोंड करून ठेवलंय. एका पावसाळ्यात तो चेहरा जाईल.