चाळिसावा डबा

मी, रेणुकादास माधवराव मुखेडकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा टीव्ही व मॉनिटर दुरुस्ती (सध्या बंद), राहणार औसा रोडमागची गल्ली, लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून लिहायला बसवलेलं नाही. गोड बोलायला घरात कुणी उरलेलंही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी दाखवल्यास ते खोटं समजावं.

मालमत्ता थोडी आहे. तिला अर्धं पान पुरलं असतं. पण एक रिकामं खोकं आणि एक तांब्या यांचा निकाल लावल्याशिवाय मला मरता येणार नाही, म्हणून लांबण लागेल.

१. राहतं घर, म्हणजे आतल्या दोन खोल्या व पुढचं दुकान, माझा एकुलता मुलगा गंधार यास. गंधार, तू पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतोस, तू हे घर ठेवणार नाहीस. गल्लीतल्या बहुतेक घरांच्या मेस आणि अभ्यासिका झाल्या, याचंही तेच होईल. हरकत नाही. फक्त मन्मथ क्लासवाल्याला विकू नकोस. कारण पुढे येईल.

२. पोस्टातली ठेव नात चि. इरा हिला, तिच्या शिक्षणासाठी. भिंतीवरचा मोठा चपटा टीव्ही, गंधार, तूच आणलास, तूच परत ने. सहा वर्षांत मी तो सहा वेळाही लावला नाही. त्याच्या डोक्यावर काहीच ठेवता येत नाही.

३. दुकानातली हत्यारं, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन व जुन्या मॉनिटरचे सुटे भाग कुणाला द्यावेत ते मला सुचत नाही. काचेच्या ट्यूबचा मॉनिटर दुरुस्त करणारा या शहरात मी शेवटचाच असेन. आमच्या धंद्यात ट्यूबवाल्याला डबा म्हणत आणि नव्याला चपटा. वर्षानुवर्षं गिऱ्हाईक विचारायचं, डबा घेऊ की चपटा? मी सांगायचो, डबाच घ्या. जड आहे, वीज खातो, टेबल अडवतो, कबूल. पण बिघडला तर मी उघडून नीट करीन. चपटा बिघडला की फेकायचा. हे मी मनापासून सांगत होतो.

२००८ साली मन्मथ आला. त्याच्या क्लासात मुलं संगणकावर सराव परीक्षा देत, आणि मुलं तर नांदेड-परभणीपासून लोटत होती. म्हणाला, "काका, जागा लई कमी पडायलीय. डबेच ठेवू का चपटे आणू? तुम्ही म्हणाल तसं." मी टेबलं मोजली. जिथे चाळीस डबे मावत होते तिथे साठ चपटे बसणार होते. म्हणालो, चपटे आण. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. मोठं काम होतं, मला मोह झाला. मन्मथचा त्यात दोष नाही, हे मला कळतं. तरीही घर त्याला देऊ नये. माणसाला एवढा आकस बाळगायची मुभा असावी.

नांदेडच्या व्यापाऱ्यानं चाळीस जुने डबे परत घेऊन त्या बदल्यात चपट्यांत सूट द्यायचं ठरवलं. उतरवताना एक डबा जिन्यावरून पडून फुटला. एकोणचाळीस राहिले. व्यापारी फोनवर म्हणाला, "टीव्ही असला तरी चालतंय, आत काच पायजे." कुठलाही मोडका डबा मला बाजारात तासाभरात मिळाला असता. मला तासभर जायचा कंटाळा आला. मी घरातला टीव्ही दिला.

४. तो टीव्ही कोणता, हे आता लिहितो.

माझी पत्नी सौदामिनी हिचं माहेर औसा तालुक्यातलं. १९९२च्या दिवाळीत मी स्वतः जोडलेला एक टीव्ही सासूबाईंना दिला होता. पुढच्याच वर्षी भूकंप झाला. दगडमातीचं घर खाली बसलं. सासरे, सासूबाई आणि सौदामिनीचा धाकटा भाऊ, तिघंही गेले. ढिगाऱ्यातून दोनच वस्तू धड निघाल्या. एक हा टीव्ही, काचेला ओरखडासुद्धा नाही. दुसरा सासूबाईंचा पितळी तांब्या, एका बाजूनं चेपलेला.

त्या काळात लातुरात घरोघरी एक रीत पडली होती. तांब्या पालथा घालायचा आणि त्याच्या बुडावर स्टीलचा पेला ठेवायचा. जमीन जरा हलली की पेला पडून वाजणार, आणि सगळे बाहेर पळणार. वर्षा-दोन वर्षांत लोकांनी ते सोडून दिलं. सौदामिनीनं सोडलं नाही. माहेरच्या टीव्हीच्या डोक्यावर माहेरचा तांब्या पालथा, वर पेला, असं पंधरा वर्षं चाललं. रोज पुसून ती तो पुन्हा तसाच मांडायची, तेव्हा कुठे तिला झोप लागायची. मी तिला त्यावरून चिडवत असे.

त्या दिवशी दोन हमाल टीव्ही न्यायला आले. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तांब्या आधी उचलून ठेवायचा असं ठरवलं होतं, तेवढ्यात मन्मथचा फोन आला आणि मी बोलत दारात गेलो. हमालांनी टीव्ही उचलला. पेला फरशीवर पडला.

सौदामिनी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत निघाली ती थेट रस्त्यावर. "बाहेर पळा! हालायलंय! लेकरं बाहेर काढा!" ती प्रत्येक दारावर हात मारत सुटली. दारांवर पिठाचे हात उमटले. पदर कुठे, पायात चप्पल नाही. सगळी गल्ली बाहेर आली. भाड्यानं राहणारी क्लासची मुलं पुस्तकं घेऊन सज्जांत आली. मग कुणाला तरी टेम्पोतला टीव्ही दिसला, हमालाच्या हातातला तांब्या दिसला, आणि लोक हसायला लागले. वरून एक मुलगा ओरडला, "काकू, उद्या पेपर आहे, आज नका हलवू!" पुन्हा हशा झाला.

मीही हसलो. मृत्युपत्रात खोटं लिहायचं नसतं. मी मोठ्यानं हसलो, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

एकटी शिवकन्या हसली नाही. आमच्या भिंतीला भिंत लावून तिची मेस आहे. तिनं सौदामिनीला हाताला धरलं, पदर सावरून दिला आणि म्हणाली, "वहिनी, चला आत. पाणी देते." सौदामिनी एवढंच म्हणाली, "मला वाटलं, हालायलंय." त्यानंतर त्या दिवसाबद्दल ती कधीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला गेलो. मुदखेड रस्त्याच्या एका भंगारवाड्यात टीव्ही सापडला. तांब्यासाठी, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेसाठी, त्यांनी ट्यूबची मान आधीच मोडली होती. मी नुसतं खोकं घेऊन परत आलो. तिनं ते बघितलं, पण त्यावर तांब्या ठेवला नाही. धुऊन फडताळात ठेवून दिला.

२०१३च्या जूनमध्ये, दुपारी, मी दुकानात एका चपट्याचं सर्किट उघडून बसलो होतो. ती आतल्या खोलीत होती. मध्ये फक्त एक कापडी पडदा. चारला चहा आला नाही म्हणून आत गेलो, तर ती खोक्याला टेकून बसलेली होती, पदराचा बोळा मुठीत. डॉक्टर म्हणाले, छातीत कळा अर्धा तास तरी आल्या असतील. लवकर आणलं असतं तर वाचल्या असत्या. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला हाक मारली नाही का?

नाही मारली. एकदा मारली होती, तेव्हा आम्ही हसलो होतो.

५. पितळी तांब्या व पेला माझ्यामागे शिवकन्या हिला द्यावा. किंमत काही नाही, तरी वारसांनी हरकत घेऊ नये. खोकं माझ्या सरणावर ठेवावं. प्लायवूडचं आहे, जळेल.

६. गंधार, मला पुण्याला नेण्याचा आग्रह पुन्हा करू नकोस. मला इथेच राहायचं आहे, आणि त्यात सुख आहे असंही नाही.

७. हे कलम मी जिवंत असेपर्यंत लागू आहे. वकील म्हणाले, असं मृत्युपत्रात बसत नाही. मी बसवत आहे. आजपासून रिकाम्या खोक्यावर मी तांब्या पालथा घालून त्यावर पेला ठेवतो आहे. खोकं माझ्या खाटेला लागून आहे, हात पोचतो. पेला पडल्याचा आवाज आला तर शिवकन्येनं यावं, गल्लीतल्या ज्याला ऐकू येईल त्यानं यावं. जमीन हलली नसेल, तरी यावं.

वरील मजकूर वाचून, समजून, सही करीत आहे.

रेणुकादास माधवराव मुखेडकर (सही)

ठिकाण : लातूर
दिनांक : ११ नोव्हेंबर २०१९

आमच्या समक्ष लिहून देणाऱ्यानं सही केली व त्याच्या समक्ष आम्ही केली :

साक्षीदार १) रेवणप्पा शिवलिंग बिराजदार, निवृत्त शिक्षक, राहणार याच गल्लीत (सही). कलम ४ मला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवशी मी माझ्या दारात उभा होतो. मीही हसलो होतो. कलम ७ प्रमाणे मी येईन.

साक्षीदार २) पंचशीला भीमराव कांबळे, परिचारिका, लातूर (सही).