विहिरीच्या चित्राबद्दल

गुरुजी, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः मास्तरकी करून निवृत्त झाले, गुडघे बोलायला लागले, पण राग आपला जागच्या जागी. आज सकाळी ट्रंक आवरताना माझी टाचणवही सापडली. तुमच्या शाळेत सराव पाठ घ्यायला आले होते, त्या महिन्यातली. शेवटच्या पानावर लाल शाईत तुमचा शेरा आहे : ‘पाठ मेहनतीने घेतला. बाईंनी मुलांचे ऐकावे.’ झालं! पुन्हा डोकं फिरलं. मुलांचं ऐकावं म्हणे! त्या शाळेत मुलांचं ऐकणारं कुणी असेल तर ती मीच, अशी माझी तेव्हा खात्री होती, आणि तुम्ही मलाच हे लिहिलंत.

एकोणीस वर्षांची होते मी. ट्रेनिंग कॉलेजातून आम्हाला एकेका गावात पाठवायचे, तशी मी चाकणच्या अलीकडे एसटीतून उतरून, पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन तुमच्या दारात आले. आता त्या फाट्यावर कारखान्यांच्या गाड्यांमधून रस्ता ओलांडायला दहा मिनिटं लागतात. तेव्हा नुसती बाजरी होती दोन्ही अंगांना. काकूंनी चुलीपुढे पाट मांडला, भाकरी वाढली, आणि तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “बाई, गाव साधं हाय. सांभाळून घ्या.” मला ते वाक्य तिथंच खटकलं. गावाला मी का सांभाळून घ्यायचं? आमच्या चित्रकलेच्या सरांनी आमच्या डोक्यात भरवलं होतं की चित्रकला म्हणजे तांब्या आणि आंबा नव्हे. मुलाच्या हातात रंग द्या, ते जे बघतं ते काढू द्या आणि गावासमोर लावा, गावाची मान आपोआप खाली जाते. मी तर गावाची मान खाली घालायलाच आले होते.

आणि कारण रोज डोळ्यांसमोर होतं. शाळेच्या दाराशी माठ. कुणीही यावं, ओगराळं बुडवावं, प्यावं. महारवाड्यातली चार पोरं मात्र ओंजळ करून पायरीखाली उभी राहायची आणि कुणाला आठवण झाली तर तो वरून ओतायचा. कायद्यानं हे सगळं कधीच संपलेलं होतं! तुम्ही तिथंच खुर्चीवर बसून हजेरी घेत असायचात. बघायचात आणि बघायचा नाहीत. मला इतका संताप यायचा, गुरुजी, की हातातला खडू मोडायचा.

म्हणून मी पाठाचा विषय घेतला, ‘आपली विहीर’. हळद, गेरू, नीळ आणि चुलीतला कोळसा एवढे रंग जमवले, जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी बाजू कागद म्हणून वापरली, आणि मुलांना सांगितलं की तुम्ही जिथं उभे राहता तिथून विहीर काढा. काय काढलं पोरांनी! पाटलाच्या पोरानं आतलं पाणी काढलं, पाण्यात स्वतःचं तोंड. माळ्याच्या मुलीनं रहाट काढला, दोर काढला. आणि महारवाड्यातल्या त्या चौघांत एकच मुलगी होती, दोन वेण्या, एका वेणीला चिंधी बांधलेली, तिच्या चित्रात विहीर वरच्या कोपऱ्यात बोटाएवढी आणि खाली ती आणि तिची आई रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. त्या चित्रावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. प्रत्येक कागदाखाली माझ्या ठसठशीत अक्षरात मुलाचं नाव घातलं. नाव घातलं की मुलाला मान मिळतो, हे मी टाचणातसुद्धा लिहिलं होतं.

तिसऱ्या शनिवारी गावाला बोलावलं. भिंतीवर चित्रं मी मुद्दाम ओळीनं लावली होती : आधी काठावरून दिसणारी विहीर, मग जरा लांबून, मग आणखी लांबून, आणि सगळ्यांत शेवटी त्या मुलीचं चित्र. मंडळी कौतुकानं बघत बघत सरकत होती. शेवटाला पोचली आणि थबकली. माझा ऊर आनंदानं भरून आला, खोटं कशाला बोलू? आता माना खाली जाणार! शाळा समितीच्या म्हाताऱ्यानं खालचं नाव वाचलं, माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, मागे वळून विचारलं, “कुनाची गं तू?” त्या मुलीनं बापाचं नाव सांगितलं. “बरं,” म्हणाला, आणि टोपी सारखी करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या मुलीच्या आईच्या घागरीत कुणी पाणी ओतलं नाही. सकाळभर उभी राहिली ती बाई. शेवटी मुलीला घेऊन ओढ्यावर गेली, झरे उकरत बसली. सोमवारी मुलगी शाळेत नव्हती. मंगळवारीही नाही. तुम्ही भिंतीवरची सगळी चित्रं काढून टाकलीत, आणि मी भांडायला तुमच्या स्वयंपाकघरात आले. तुम्ही जेवत होतात.

“चित्रं का काढलीत?” मी म्हटलं. “ती खरी होती म्हणून?”

“बाई, तुमी चित्रं न्हाई टांगली. पोर टांगली.”

“आणि इतकी वर्षं तुम्ही काय केलंत? नुसती हजेरी घेतलीत!”

काकूंची भाकरी तव्यावरच राहिली. तुम्ही पाणी प्यायलात. “म्हैना झाला की तुमी जाल,” म्हणालात. “उंटावरनं शेळ्या हाकायला काय जातंय? तिला हितंच ऱ्हायचंय. तिच्या बापाला म्हनलंय मी, पिंपरीला औषदाच्या कारखान्याचं बांधकाम चालू हाय, तिकडं बघ म्हनून. तिथं नळ हाय.”

“म्हणजे माणसांनी गाव सोडायचं, गावानं सुधारायचं नाही?”

तुम्ही ताटातच हात धुतलात आणि उठलात. मला वाटलं, जिंकले.

बुधवारी सकाळी तुम्ही खांद्यावर कावड घेतलीत. धोतर खोचून विहिरीवर गेलात, सगळ्या बायांच्या देखत दोन घागरी भरल्यात आणि महारवाड्यात नेऊन ओतल्यात. गावानं तोंडात बोटं घातली. तुमचे चुलतभाऊ ओट्यावरून ओरडले, “लाज हाय का न्हाई?” तुम्ही म्हणालात, “हाय की. म्हनून तर चाललोय.” सहा दिवस तुम्ही पाणी नेलंत. सातव्या दिवशी बायांनी त्या आईच्या घागरीत पुन्हा पाणी ओतायला सुरुवात केली. पण वरूनच! म्हणजे होतो तिथंच आलो. कौतुक करायचं सोडून मी त्याचाही राग धरला. एवढी छाती होती तर ती आधी का नाही दाखवलीत? पंचवीस वर्षं त्या माठाशेजारी बसून काय मिळवलंत? हा प्रश्न माझा आजही आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्यापाशी होतं असं मला आजही वाटत नाही.

निघायच्या दिवशी तुम्ही एसटीपर्यंत माझी ट्रंक आणलीत. खिशातून घडी घातलेला कागद काढलात. त्या मुलीचं चित्र. “हे तुमच्यापाशीच असू द्या,” म्हणालात. “कदी उजेडात धरून बगा.” मी बघितलं नाही. कागद टाचणवहीत घातला, वही ट्रंकेच्या तळाशी टाकली. ती मुलगी पुन्हा शाळेत आली का, तिचे आईबाप पिंपरीला गेले का, हे एका कार्डावर विचारता आलं असतं. तुम्ही त्यानंतर बरीच वर्षं होतात. मी विचारलं नाही. पुढे मी ठिकठिकाणी भाषणं केली, तरुण शिक्षकांना त्या भिंतीची गोष्ट सांगितली, आणि दर वेळी गोष्ट त्या म्हाताऱ्याच्या टोपीपाशी थांबवली.

आज तो कागद खिडकीशी धरला. बघायची गरज नव्हती खरं तर, काय दिसणार ते मला ठाऊक होतं. रंगाखाली पेन्सिलीच्या रेघा दबून राहिल्यात. विहीर मोठी आहे, कागदभर. काठावर एक मुलगी उभी आहे, दोन वेण्यांची, दोन्ही हातांनी दोर ओढणारी, आणि तिच्याशेजारी घागर, भरलेली. खोडरबरानं कागद इतका घासलाय की मधे विरळ झालाय. ते खोडरबर माझं होतं, गुरुजी, आणि हातही माझाच. मी तिच्या बाकाशी वाकले होते आणि म्हणाले होते, “तू कुठं जातेस गं काठावर? खरं काढ.” तुम्हाला हे भिंतीवरून कागद काढतानाच कळलं असणार, आणि तुम्ही ते गावात कुणाला सांगितलं नाहीत, काकूंनासुद्धा नाही.

हे पत्र आता त्या कागदाबरोबर वहीतच ठेवते. एवढंच राहिलं. मी पुसत होते तेव्हा ती मुलगी मला हळूच म्हणाली होती, “बाई, खोटं काढलं तर न्हाई का चालत?”

मी म्हटलं, नाही.