बाकावरची बाई तू नव्हेस

तीर्थरूप मामी,

दुकानाच्या पायरीखालूनच नमस्कार. (पायरीवर यायला मला बंदी आहे आणि ती मी पाळतोय, हे मामालाही सांग.) तुझी तब्येत कशी आहे असं विचारायला हवं, पण आई म्हणते की तू मंगळवारपासून नीट जेवत नाहीस आणि गिऱ्हाइकांच्या नाकावर चष्मा बसवताना जरा जास्तच दाबतेस. तेव्हा ती कशी आहे हे आता सगळ्या रस्त्याला कळलंय. मामाची कंबर कशी आहे? माझी, म्हणजे जी तुझ्या फ्रेमच्या फिरत्या स्टँडवर आपटली होती ती, आता बरी आहे. पहिल्या ओळीत मी 'तुम्ही' लिहिलं होतं, पण मला एकाएकी अक्कल आली असं वाटून तू जास्तच घाबरशील, म्हणून खोडलं. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, दुकानात येऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र दादाच्या हाती देतोय. तो खाली स्कूटर चालू करून उभा आहे आणि दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवतोय. अक्षर वाईट आलं तर त्याला बोल.

मुद्दा एकच आहे. तो आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं न वाचता तू पत्र फाडलंस तरी तेवढा डोक्यात राहील. बाकावरची बाई तू नव्हेस.

आता पहिल्यापासून. अशा स्पर्धा असतात, मामी, की शनिवार-रविवारात एक अख्खा गेम बनवायचा, सोमवारी सगळ्यांपुढे ठेवायचा, आणि मग कुणीही उठावं, तो खेळावा आणि काय वाटलं ते खाली लिहावं. त्याला अभिप्राय म्हणतात. (कॉलेजात याच प्रकाराला तोंडी परीक्षा म्हणायचे. त्यातून मी अर्ध्यात उठून आलो आणि परत गेलो नाही. बाबा अजून त्या विषयावर जेवताना बोलतात, म्हणून मी उभ्यानेच जेवतो.) मी गेम केला रेल्वेचा. नकाशावर डोंगर, एक नदी, थोडी स्टेशनं. खेळणाऱ्याने रूळ टाकायचे, पूल बांधायचे, बोगदे खोदायचे, इंजिनं सोडायची आणि स्टेशनांवर साठलेली माणसं जिकडची तिकडे पोचवायची. काम घाईचं, त्यामुळे सगळ्या माणसांना एकच चेहरा आणि एकच शर्ट. बायकांनाही तोच. फक्त एक व्यक्ती मी जीव लावून काढली. नदीपलीकडे, अगदी टोकाच्या स्टेशनवर, बाकावर बसलेली. जाड काळा चष्मा, हिरवी पिशवी, आणि विचार करताना ओठ आत घ्यायची सवय. (ओठ म्हणजे तीन ठिपके. त्या तीन ठिपक्यांत माझी रविवारची दुपार गेली आणि सिग्नल करायला वेळच उरला नाही. म्हणून पहिल्या दिवशी गाड्या एकमेकींवर आपटत होत्या.) तिला गाडीत बसवून पहिल्या स्टेशनवर आणलं की गेम जिंकला. पहिल्या स्टेशनवर कोण वाट बघत उभा आहे ते विचारू नकोस. शर्ट माझा आहे, एवढं सांगतो.

ती कोण, हे आता लिहायलाच हवं, आणि खालून पुन्हा हॉर्न वाजला. ती तुझ्याकडे आहे. मागच्या खोलीत, मशीनवर काचा घासून फ्रेममध्ये बसवते ती. माझे डोळे उत्तम आहेत, मामी. तरी वर्षभर मी घरातल्या प्रत्येकाचा चष्मा तुझ्याकडे दुरुस्तीला आणत होतो, त्याचं तुला नवल वाटत नव्हतं का? आईच्या चष्म्याची काडी आपोआप निघत नव्हती. इतक्या वेळा गेलो, पण 'कधी मिळेल' याच्या पुढे माझी गाडी गेली नाही. आणि आता ती शनिवारी जाणार. त्या दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात तिला काम मिळालंय, हे मला तूच सांगितलंस, तेही कौतुकाने. मी तेव्हा हसलो होतो, ते हसू नव्हतं.

तर सोमवारी गेम बाहेर आला. मंगळवारी सकाळी उठून बघतो तर अभिप्रायांचा ढीग, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच: शेवटची प्रवासी चढत नाही. कुणी दुहेरी मार्ग टाकला होता, कुणी तिच्या एकटीसाठी पाच इंजिनं सोडली होती, आणि ही ढिम्म. तिथवर ठीक होतं. पण मग लोक घसरले. एकाने लिहिलं, ही बाई तोंड फुगवून का बसलीय. दुसऱ्याने लिहिलं, असल्या तोंडाला न्यायला यावंच कुणी कशाला. तिसरा म्हणाला, ही आमच्या ऑफिसातली कॅशियर आहे, दुपारनंतर काही देत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शहाण्या माणसाने 'आभारी आहे, चूक बघतो' असं लिहून विषय मिटवला असता. मी एकेकाला गाठून उत्तरं दिली. तिच्याबद्दल एक शब्द काढाल तर याद राखा, अशा थाटाची. पडद्यावरच्या वाटाण्याएवढ्या डोक्याच्या बाईसाठी गेम करणारा मारामारीवर उतरलाय म्हटल्यावर बघ्यांना ऊत आला. खेळायला कमी आणि भांडण बघायला जास्त येऊ लागले. 'ही खरी आहे रे!' असं एकाने ओळखलंच.

आणि त्याच दुपारी मी, तुझा हुशार भाचा, गेमची लिंक तिलाही पाठवली. 'सांग कसा वाटतो' म्हणून. संध्याकाळी दादाचा चष्मा घ्यायला आलो तेव्हा ती मशीन बंद करून बाहेर आली आणि सरळ विचारलं,

"बाकावर ती मी का?"

मामी, या प्रश्नाची मी वर्षभर तयारी केली होती. उत्तर काय दिलं?

"छे, ती मामी."

"मॅडमकडे हिरवी पिशवी?"

"घरी असते."

तिने ओठ आत घेतले आणि मागे निघून गेली. त्याच संध्याकाळी तिने तुला सांगितलं की मॅडम, तुम्ही गेममध्ये आहात, आणि तू आधी खूश झालीस. (मामाने सांगितलं की तू केस नीट केलेस आणि मग फोन हातात घेतलास.) मग तू अभिप्राय वाचलेस. तोंड फुगवलेली, न्यायला यावं कशाला, कॅशियर, सगळे. दुसऱ्या दिवशी मी खुलासा करायला धावत आलो, तर तू त्या आजोबांचे डोळे तपासत होतीस. तू म्हणालीस, "बाहेर हो." मी म्हणालो, "मामी, ती तू नाहीस!" आणि उलट्या पावली सरकताना स्टँडवर गेलो. सगळ्या फ्रेमा खाली आल्या, दोन माझ्या पायाखाली गेल्या, आणि त्या सगळ्या गदारोळात आजोबा तिसऱ्या ओळीतली अक्षरं मोठमोठ्याने वाचतच राहिले, कारण त्यांना वाटलं की हाही तपासणीचाच भाग आहे. तिथे मी तुला खरं सांगू शकत नव्हतो. मागचं दार उघडं होतं आणि मशीनचा आवाज थांबला होता.

आता खरी गोष्ट, आणि इथे मला घाम फुटतो. अभिप्राय देणाऱ्यांत एक जण होता, 'दुपारचा डबा' नावाचा. (तिथे कुणी खरं नाव घेत नाही.) त्याने लिहिलं की प्रवासी चढत नाही ही तक्रारच चुकीची आहे, गाडी तिच्यापाशी थांबतच नाही. रूळ टाकणं सोडून नुसतं तिच्याकडे बघा. इंजिन लांबून शिट्टी वाजवत येतं, तसंच पुढे निघून जातं, आणि दर वेळी ती पिशवी उचलते आणि परत खाली ठेवते. सगळे तिला नावं ठेवतात, ड्रायव्हरला कुणी विचारत नाही. मी भडकलो. लिहिलं, तुम्हाला यातलं कळत नसेल तर पत्ते खेळत बसा. तो म्हणाला, कळतं, पण तुमची शिट्टी फार वाजते. मी त्याला अडाणी म्हटलं, रिकामटेकडा म्हटलं, आणि आधी कॉलेजात जाऊन चार अक्षरं शिका असंही म्हटलं. (मी. म्हटलं. बाबांना कळवू नकोस.) मग रागारागात, त्याला खोटं पाडायला म्हणून गेम उघडला आणि गाडी सोडून बघत बसलो. आली. शिट्टी वाजवली. गेली. ती पिशवी उचलून उभी राहिली आणि परत बसली. प्रत्येक स्टेशनला मी थांबा दिला होता. तिचं स्टेशन सगळ्यात शेवटी केलं, आणि ओठांच्या नादात तिथे थांबा द्यायचाच राहिला. मामी, मी तिच्याकडे सारखी गाडी पाठवत होतो आणि ती आपली चढत का नाही म्हणून झुरत होतो.

तरी मी कबूल केलं नाही. काल दिवसभर त्या डब्याशी नव्या मुद्द्यांवर भांडलो. पुलाच्या रंगावर, बोगद्याच्या उंचीवर. आणि आज दुपारी त्याचं शेवटचं आलं. जसंच्या तसं उतरवतो:

"बोगदा राहू द्या. मॅडमचा चष्मा सोनेरी काडीचा आहे. बाकावरचीचा काळा आहे, तो मी रोज आरशात बघते. मॅडम जेवत नाहीयेत, त्यांना खरं काय ते सांग. मी शनिवारी जाते आहे. थांबा द्यायचा असेल तर दे. शिट्टी नको."

मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. मग लक्षात आलं की तीच हालचाल गेममध्ये आहे, आणि पुन्हा उठलो. ज्या माणसाला मी अडाणी, रिकामटेकडा आणि पत्ते खेळणारा म्हटलं तो माणूस म्हणजे ती. मागच्या खोलीत डबा खाता खाता फोनवर माझ्याशी भांडत होती, आणि मी इकडे तिच्या अब्रूसाठी तिलाच शिव्या देत होतो. खोलीत फेऱ्या घालू लागलो. आईने विचारलं, "ताप आलाय का?" मी म्हटलं, "नाही, अभिप्राय आलाय." तिने तरी कपाळाला हात लावून पाहिला.

थांबा दिला. स्पर्धेच्या नियमात अडकवणारी चूक दुरुस्त करायची मुभा असते. शिट्टीही काढून टाकली. गाडी आली, हळू झाली, तिच्यासमोर उभी राहिली. ती पिशवी घेऊन उठली. आता तिने चढायचं, म्हणजे मी एक ओळ लिहायची: गाडी थांबली की चढ. लिहिली. वाचली. खोडली. पुन्हा लिहिली. माझ्याने होईना, मामी. इतके दिवस तिला न विचारता बसवून ठेवली, आता न विचारता चढवू? तेव्हा सध्या अशी परिस्थिती आहे की गाडी तिच्यासमोर उभी आहे, ती गाडीसमोर उभी आहे, आणि मागच्या सगळ्या गाड्या पार पुलापर्यंत खोळंबल्या आहेत. अभिप्राय तर विचारू नकोस. आधी फक्त जिंकता येत नव्हतं, आता खेळताही येत नाही, असं एकाने लिहिलंय आणि त्याचं बरोबर आहे. खेळणारे गेमला देतात ते तारे धडाधड पडले. सकाळी मी वरच्या नंबरात होतो, आता खालून मोजायला सोपा पडतो. स्पर्धा गेली. आणि मी एकालाही उलट उत्तर दिलेलं नाही. दादा म्हणतो, हीच खरी तापाची खूण आहे.

तर मामी, राग सोड आणि दोन घास नीट जेव. फुगलेलं तोंड तुझं नव्हतं, आणि खरं म्हणजे तिचंही नव्हतं. थांबा नव्हता, एवढंच. स्टँड मी येऊन बसवून देईन, तू सांगशील तेव्हा, पायरीवर सोडशील तर.

तुझा, सध्या पायरीखालचा,
भाचा

ता. क. त्या आजोबांना सांग की मी तपासणीचा भाग नव्हतो.

ता. क. खरं काम राहिलंच. उद्या शुक्रवारी तिला थोडी लवकर सोड. कशासाठी ते विचारू नकोस आणि तिलाही सांगू नकोस.

ता. क. हे सांगू नकोस लिहून उपयोग नाही, ते मला ठाऊक आहे. माझं अक्षर तुला कधीच लागत नाही. दुकानात आलेला हाताने लिहिलेला प्रत्येक कागद तू मागे नेऊन तिच्या हातात देतेस आणि म्हणतेस, "वाच गं काय लिहिलंय ते." खोटं बोलत नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं. तेव्हा आता मामीला दोन मिनिटं पाणी पिऊन येऊ दे आणि इथून पुढचं मनातल्या मनात वाच. अडाणी म्हटलं, चुकलो. तोंडावर विचारलंस तेव्हा खोटं बोललो, त्याहून चुकलो. उद्या दुकान बंद व्हायच्या वेळी मी समोरच्या फुटपाथवर असेन. पायरी चढणार नाही, ओरडणार नाही, हाक मारणार नाही. यावंसं वाटलं तर ये, एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती या वेळी तुलाच विचारेन. नाही आलीस तर शनिवारी कारखान्याला सुखाने जा, मी कुणाशीही भांडणार नाही. मामीने विचारलं की पुढे एवढं काय लिहिलंय, तर सांग, काही नाही, मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.